आजींचं ताट

जयगडकडच्या एका आजींच्या फुप्फुसातला तुकडा मायक्रोस्कोपखाली घेतला आणि माशाची गाबोळीच आठवली. बारक्या, गर्द निळ्या पेशी, मध्ये जागाच नाही, एकीचं केंद्रक दुसरीवर दाबून बसलेलं. स्मॉल सेल कार्सिनोमा, फुप्फुसाचा एक कॅन्सर. झपाट्यानं पसरणारा, आणि जवळजवळ नेहमी विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होणारा. आजींनी विडीला कधी हात लावला नव्हता. दातांना मिश्री आणि जन्मभर चूल, एवढंच.

मला राहवेना. या कॅन्सरमध्ये आरबी आणि पी५३ हे पेशीची वाढ आवरणारे दोन्ही लगाम सहसा तुटलेले असतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही विषाणू नेमके हेच दोन निकामी करतो. इथेही तोच असेल का? पी१६ या प्रथिनाचा रंग दिला, तर स्लाइड गडद तपकिरी झाली, एचपीव्ही असताना होते तशीच. पण हा पुरावा कच्चा. आरबी गेलं की विषाणूशिवायही पी१६ वाढतं. म्हणून विषाणूचा डीएनए शोधायला मेणात जपलेला तोच तुकडा, म्हणजे ब्लॉक, मुंबईला पाठवला. केमो त्यासाठी अडवली नाही.

पाठवताना आजींच्या मुलाला कारण सांगितलं होतं, ‘विषाणूचा काही संबंध आहे का, ते बघायचंय.’

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. मुलगा तो न्यायला आला आणि दारातच थांबला. “डॉक्टर, आईला पडवीत झोपवतोय. ताट-तांब्या वेगळा केलाय. पोरांना जवळ सोडत नाही. कोरोनात बाबांना असंच ठेवलं होतं.”

माझ्या पोटात गोळा आला. माझं एक वाक्य, आणि केमोनं खंगलेली बाई पंधरा दिवस एकटी जेवत होती.

विषाणूचा प्रश्न खोटा नाही. मेंढ्यांच्या फुप्फुसात कॅन्सर करणारा विषाणू आहे, डॉली मेंढीला २००३ मध्ये त्याच आजारामुळे मरण द्यावं लागलं. पूर्व आशियात जास्त दिसणाऱ्या फुप्फुसाच्या एका विरळ कॅन्सरमध्ये एपस्टाइन-बार विषाणू सापडतो. पण हे त्याला त्या घडीला काय कामाचं?

त्याला खुर्चीत बसवलं. म्हटलं, “विषाणू सापडला नाही. आणि सापडला असता तरी आईचा कॅन्सर ताटातून, श्वासातून कुणाला लागत नाही. उलट तुमची सर्दी-खोकला तिला लागू नये, एवढंच बघा.”

त्यानं तिथूनच घरी फोन लावला. “आईला आत घ्या.” पलीकडून बारीक आवाज आला, “मग मी आजीकडे जाऊ?”

“हात धुऊन जा,” तो म्हणाला.