तुम्ही विचारलंत म्हणून: साध्या तापाला एवढी धावपळ कशाला?

"ताप काय, सगळ्याच पोरांना येतो, तुम्ही एवढं टेन्शन का घेता?" शेजारपाजार, नातेवाईक, शाळेतले पालक, सगळे विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

माझ्या मुलीला जन्मापासून सेप्टो-ऑप्टिक डिस्प्लेसिया आहे. साधारण १०,००० बाळांत एखाद्याला असतो. डोळ्यांच्या नसा नीट वाढलेल्या नसतात, मेंदूच्या मधला काही भाग नसतो किंवा अर्धवट असतो आणि पिट्युटरी ग्रंथी (मेंदूच्या तळाशी असते, इतर हार्मोन ग्रंथींना निरोप पाठवते) कमी काम करते. तिन्ही असायलाच हवं असं नाही, दोन असले तरी निदान होतं. लोकांना दिसतात डोळे, त्यामुळे सगळी हळहळ तिथेच, पण जिवाला धोका आहे तो पिट्युटरीचा.

आपल्याला ताप आला, उलट्या झाल्या की शरीर आपोआप कॉर्टिसोल (आजारपणाचा ताण झेलायला लागणारा हार्मोन) वाढवतं. हिच्यात पिट्युटरीकडून ते बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथीला निरोपच जात नाही, मग साखर घसरते, बीपी पडतं, पोरगी मलूल होते आणि वेळेत औषध मिळालं नाही तर जीवही जाऊ शकतो. म्हणून ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे हायड्रोकॉर्टिसोनचा (कॉर्टिसोलची जागा भरून काढणारं स्टिरॉइड औषध) डोस दुप्पट-तिप्पट, आणि गोळी उलटून पडायला लागली तर मांडीत इंजेक्शन, तेही घरीच. आधी इंजेक्शन, मग हॉस्पिटलला निघायचं, उलटं नाही. (आणि "एवढ्याशा पोरीला स्टिरॉइड?" असं विचारणाऱ्यांनो, जे तिच्या शरीरात बनत नाही तेच देतोय हो.)

काही मुलांना यासोबत डायबिटीस इन्सिपिडस पण असतो, त्याचा साखरेशी काही संबंध नाही, लघवीवाटे पाणी नुसतं वाहून जातं. त्यात कुणाकुणाला तहानच कळत नाही, म्हणजे पाणीसुद्धा मोजून द्यायचं. डेस्मोप्रेसिन (लघवीवाटे पाणी जाणं कमी करणारं औषध) चालू असताना पाणी जास्त झालं तर सोडियम उतरून फिट येऊ शकते. जुलाब-उलट्यांत हे गणित सांभाळणं म्हणजे खरंच डोकं फिरतं.

थायरॉइडची गोळी सुरू करायच्या आधी कॉर्टिसोल तपासलेलं बरं, ते कमी असताना नुसती थायरॉइडची गोळी दिली तर तब्येत एकदम ढासळू शकते. आणि आज नॉर्मल असलेला हार्मोन पुढे काही वर्षांनी कमी पडू शकतो, त्यामुळे "मागचे रिपोर्ट चांगले होते ना" म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत.

तुमच्या ओळखीत एखाद्या बाळाची नजर ठरत नसेल, डोळे सारखे हलत असतील आणि सोबत साखर वारंवार उतरत असेल किंवा कावीळ लांबली असेल, तर नुसत्या डोळ्यांच्या डॉक्टरांवर थांबू नका, हार्मोन तपासायचे का आणि एमआरआय करायचा का हे बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा.