आठ सह्यांचे घर

गोव्यातील फोंडा तालुक्यातले आमचे वडिलोपार्जित घर विकण्याचा निर्णय आम्ही तिघा भावंडांनी एका चतुर्थीला, आरती आटोपल्यावर, पडवीत बसून घेतला. निर्णयाला एक संध्याकाळ पुरली, खरेदीखतावर सह्या व्हायला मात्र सव्वादोन वर्षे लागली. गिऱ्हाईक दुसऱ्याच महिन्यात मिळाले होते, परंतु त्याच्या वकिलांनी मागितलेले कागद आम्ही वेळेत देऊ शकलो नाही आणि सहा महिने वाट पाहून ते गृहस्थ निघून गेले. त्यात त्यांची काहीही चूक नव्हती. ज्यांच्या घरी असाच विचार चालू आहे, त्यांनी किंमत बोलण्याआधी कागदांना हात घालावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

त्या वेळी आमच्यापाशी पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिले आणि एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) एवढेच होते, आणि तेवढे पुरेसे आहे असा माझा प्रामाणिक समज होता. घरपट्टी भरल्याने कोणी मालक ठरत नाही. एक-चौदाचे म्हणाल तर, १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार त्यातील नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते हे बरोबर, पण तो मालकीचा दस्तऐवज नव्हे. शिवाय आमच्या उताऱ्यात कब्जेदार म्हणून अजून आजोबांचेच नाव होते. आजोबा वारले त्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली होती, आणि एवढ्या काळात फेरफाराचा अर्ज करावा असे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते. शहरी भागात जिथे सिटी सर्व्हे झाला आहे तिथे एक-चौदाच्या जागी फॉर्म डी असतो. तो असला तरी मालकी दाखवणारा मूळ कागद शोधण्यावाचून सुटका नाही.

आमचा मूळ कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडला. आजीच्या नऊवारी लुगड्याच्या घडीत गुंडाळलेली, पोर्तुगीज भाषेत शाईने लिहिलेली ती एस्क्रितूर, म्हणजे मालकीचा दस्त, होती. कडा वाळवीने खाल्लेल्या, परंतु मजकूर शाबूत. तिच्यात जागेचे क्षेत्रफळ कुठेच नव्हते. पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस अमक्याचे भाट (माडांची बागायत), उत्तरेस वाट, दक्षिणेस देवस्थानची जमीन, अशा चतुःसीमा तेवढ्या होत्या. हीच जागा आजच्या सर्व्हे क्रमांकातील आहे हे दाखवण्यासाठी जुन्या नोंदणीतील देस्क्रिसांव (जागेचे वर्णन) आणि इन्स्क्रिसांव (मालकाच्या नावाची नोंद), तसेच मात्रीजचा, म्हणजे जुन्या करनोंदवहीतला, क्रमांक, या सर्वांच्या प्रमाणित प्रती मिळवून त्यांचे भाषांतर करून घ्यावे लागले. त्यातच नावांचा घोळ निघाला. पोर्तुगीज काळात आपली नावे त्यांच्या कानांनी ऐकून लिहिली गेली, नारायणाचा नाराना झाला; आणि दस्तातील तो नाराना व उताऱ्यातील नारायण एकच, हे सांगणारे प्रतिज्ञापत्र करावे लागले. आपल्या जन्मदाखल्यापासून आधारपर्यंतची नावे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, कारण एका अक्षराच्या फरकासाठी महिनाभर खोळंबा होतो.

सर्वांत अधिक वेळ गेला तो वारसांच्या कामात. गोव्यात मुलगा आणि मुलगी यांचा वारसाहक्क सारखाच आहे, आणि विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीच्या मालमत्तेत दोघांचा अर्धा अर्धा वाटा असतो. त्यात वारशाने आलेली मालमत्ताही येते. त्यामुळे आम्ही ज्याला ‘तिघांचे घर’ म्हणत होतो, ते कायद्याच्या दृष्टीने आठ जणांचे निघाले : डिचोलीची आत्या व तिचे यजमान, मी व माझी पत्नी, मडगावची बहीण व मेहुणे, मस्कतचा भाऊ व वहिनी. आत्याचे लग्न होऊन पन्नास वर्षे झाली होती आणि तिला आम्ही विचारलेसुद्धा नव्हते, याची मला आजही खंत वाटते. मी डिचोलीला जाऊन तिच्यापुढे सारे मांडले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बाबा, सही मी करीन, पण विकायच्या आधी एकदा मला घरी ने.” आम्ही तिला नेले. सगळे वारस मिळून विकणार असल्याने न्यायालयात इन्व्हेंतारी, म्हणजे वारस व मालमत्ता यांची मोजदाद, करून वाटणी करण्याची गरज पडली नाही; विशेष नोटरीपुढे आधी आजोबा-आजींच्या आणि मग आई-वडिलांच्या वारसांचे दस्त झाले. एकही वारस नाराज असेल, तर मात्र न्यायालयातील इन्व्हेंतारीखेरीज मार्ग उरत नाही. मस्कतहून आलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा असतो, हे आम्हाला आमच्या वकीलबाईंनी सांगितले म्हणून बरे झाले.

एक गोष्ट सांगायला मला जड जाते. आमच्या कुंपणाच्या आत, विहिरीपलीकडे, एक मुंडकार कुटुंब, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारे कुटुंब, तीन पिढ्या राहते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना राहत्या घराचे संरक्षण दिले आहे आणि ते घर भोवतालच्या जागेसह विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. पहिल्या गिऱ्हाइकाला आम्ही हे आपणहून सांगितले नाही. जागा पाहायला आल्यावर त्यांनी दोरीवर वाळत घातलेले कपडे पाहिले आणि तिथेच विश्वास तुटला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार खरेदीदाराला सहज न कळणारे दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, पण कायदा नसता तरी ते आमचे कर्तव्यच होते. पुढे आम्ही त्या कुटुंबाचा अर्ज मामलेदारांकडे मार्गी लावला, त्यांचा तुकडा मोजून नकाशात वेगळा दाखवला, आणि उरलेली जागाच विक्रीला काढली. भाव थोडा उतरला आणि तो उतरायलाच हवा होता.

बाकीचे कागद तुलनेने लवकर मिळतात. सब-रजिस्ट्रारकडील बोजा नसल्याचा दाखला, नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला, सर्व्हेचा नकाशा, वीज-पाण्याची थकबाकी नसल्याच्या पावत्या, आणि फ्लॅट असेल तर ऑक्युपन्सी व सोसायटीचा ना-हरकत दाखला. घराला लागून भातशेतीचा तुकडा असेल तर तो आधीच वेगळा काढून विचार करावा, कारण अशी जमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर गोव्यात २०२३ पासून निर्बंध आहेत.

कराचा विचारही आम्ही उशिरा केला. घर २००१ पूर्वीचे असल्याने विक्रीतला नफा मोजताना मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य धरता येते, आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल हवा. प्राप्तिकर कायद्यातील एका खास तरतुदीमुळे इथल्या पती-पत्नींमध्ये हा नफा निम्मा निम्मा विभागला जातो, ही बाब गोव्याबाहेरच्या सल्लागाराला बहुधा ठाऊक नसते. भाऊ अनिवासी असल्याने त्याच्या वाट्यावर जास्त कर कापला जाणार होता. कपात कमी करून घेण्याचा दाखला विक्रीच्या आधी मागावा लागतो.

सह्यांच्या दिवशी सर्व कागदांची यादी करून आम्ही ती खरेदीदारांच्या हाती दिली आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांची पोच घेतली. यादीतील पहिला कागद ती पोर्तुगीज एस्क्रितूर होती. आता ती त्यांच्याकडे असते. लुगडे आत्याने मागून नेले.