ट्रायलच्या आधीचा गुडघा

"मॅडम, ट्रायलची तारीख आली. आज तुम्ही फिट लिहून द्या, पुढचं मी बघते."

पुण्यात एरंडवण्यातल्या आमच्या क्लिनिकमध्ये ती वडिलांबरोबर आली ती हेच बोलत. मोबाइलवर रेल्वेच्या खेळाडू भरतीचं पत्र उघडलेलं. मी खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट आहे, आणि ही पोरगी माझ्याकडे शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून येत होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेत रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, घेऊन खाली उतरताना, कुणाचा धक्काही न लागता, तिच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडं जोडून धरणारं लिगामेंट, तुटलं होतं. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं, आणि बहुतेक वेळा असंच होतं: उडीवरून उतरताना किंवा वेगात दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि लिगामेंट जातं.

तिला सात महिने होत आले होते. शस्त्रक्रियेत तिच्याच मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन काढून नवं लिगामेंट म्हणून बसवला होता. तो ग्राफ्ट हाडाला धरायला आणि मग खेळाचा ताण सोसण्याइतका घट्ट व्हायला बरेच महिने लागतात. पण सूज उतरते, दुखणं जातं आणि खेळाडू पळू लागतो ते त्याच्या खूप आधी. माझ्या कामातला सगळ्यात अवघड काळ हाच. नऊ महिने पुरे व्हायच्या आत सामन्यात उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. शिवाय नुसते महिने मोजून भागत नाही. ताकदीत आणि उडीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्क्यांपर्यंत यावा लागतो.

मी म्हटलं, "आधी टेस्ट करू, मग बोलू." वडील खुर्ची ओढून भिंतीशी बसले. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं आणि त्याचे हप्ते चालू होते.

एका पायावर लांब उडी, मग सलग तीन उड्या, मग रेषेच्या डावी-उजवीकडे. अंतराच्या आकड्यांत ती फारशी मागे नव्हती. टेप बघून तिनं वडिलांकडे पाहिलंसुद्धा. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मशीनवर मोजली तेव्हा मात्र डावा पाय ऐंशी टक्क्यांच्या आतच राहिला. मी उड्यांचं व्हिडिओ शूटिंग केलं होतं. ते संथ करून तिच्यासमोर धरलं आणि काहीच बोलले नाही. लहानपणापासून समोरच्या खेळाडूच्या पायांकडे बघून ती कुठे वळणार हे ओळखायची सवय लागलेली मुलगी ती. दुसऱ्याच उडीला तिला दिसलं. डाव्या पायावर उतरताना गुडघा पुरेसा वाकत नव्हता, आत झुकत होता, आणि सगळं धड उजवीकडे कलत होतं. अंतर तिनं जिद्दीनं काढलं होतं, पण उतरणं तिच्या हातात नव्हतं.

"ट्रायलला नुसतं शूटिंग आणि ड्रिबलिंग केलं तर?" ती म्हणाली.

"आणि पाच-पाचचा खेळ लावला तर? ले-अपची उडी मारून उतरशील कशी?"

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले वडील बोलले. "मॅडम, ही संधी गेली तर हिचं खेळणं संपलं."

मला ते खोटं म्हणता येईना. आपल्याकडे बास्केटबॉल खेळून जगायचं तर वाट रेल्वे, पोलीस, सेनादलं, ओएनजीसी, बँका यांच्या नोकरीतून जाते. पुण्याचीच शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली, ती रेल्वेकडूनच खेळली. हिच्या फाइलच्या आत तिचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला आहे. रेल्वेच्या खेळाडू भरतीत वय १८ ते २५, सवलत नाही, आणि ही चोवीस पूर्ण केलेली. लीग म्हणाल तर यूबीए नावाची होती, तिच्यात ‘पुणे पेशवाज’ संघही होता, पण तीही मुलांची आणि २०१७ नंतर झालीच नाही.

अशा वेळी मला अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमधला क्ले थॉम्पसन आठवतो. २०१९च्या एनबीए फायनलमध्ये त्याचं हेच एसीएल, याच डाव्या गुडघ्याचं, तुटलं. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्या संघानं त्याच्याशी पाच वर्षांचा, जवळपास १९ कोटी डॉलरचा करार केला. पुढे त्याचा टाचेवरचा अकिलिस टेंडनही तुटला आणि तो थेट जानेवारी २०२२मध्ये परतला. अडीच वर्षं त्याला थांबता आलं, कारण थांबण्याचे पैसे कुणीतरी भरत होतं. माझ्यासमोरच्या मुलीची दुखापत तीच. फरक एवढाच की तिचे सात महिने तिच्या बापानं कर्ज काढून भरले होते. मला याचा राग येतो, आणि तो त्या दिवशी मी लपवला नाही.

तरी मी फिट लिहिलं नाही. जे मोजलं ते लिहिलं: सरळ धावणं चालेल, उडी आणि वेगात वळणं नाही. तिच्या प्रशिक्षकांना तिच्यासमोरच फोन लावून स्पीकरवर टाकला. मला वाटलं होतं ते आग्रह धरतील. सगळं ऐकून ते म्हणाले, "पोरी, ट्रायलमध्ये गुडघा गेला तर नोकरी नाहीच, वर दुसरं ऑपरेशन. मी तुला घेऊन जाणार नाही." ती खूप रडली. वडिलांनी तिची बूट-पिशवी उचलली आणि मला विचारलं, "आता काय करायचं ते नीट लिहून द्या."

मी लिहून दिलं. पंचविशी उलटायच्या आत आणखी एखादी जाहिरात निघू शकते. तोपर्यंत आठवड्यातून तीनदा मांडीची ताकद, आणि रोज आरशासमोर खोक्यावरून उतरायचा सराव. आधी दोन पायांवर, मग एका. वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि खोका किती उंच लागेल ते विचारलं.

परवा तिची पुन्हा टेस्ट घेतली. दहावा महिना चालू आहे, ताकद नव्वदच्या वर आहे, आणि उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत राहतो. पाच-पाचच्या सामन्याला मी परवानगी दिली आहे, सुरुवातीला एका सामन्यात दहा मिनिटं. नवी जाहिरात अजून आलेली नाही. तिचे वडील रोज सकाळी वेबसाइट बघतात.