ज्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो

आई गेल्याचा फोन आला तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजले होते. प्रवासाचा हिशेब कसाही मांडला तरी वेळेवर पोहोचणे शक्य नव्हते, म्हणून तिचा दफनविधी मी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. पाळकांनी शेवटची प्रार्थना सुरू केली आणि नेमका तेव्हाच संपर्क तुटला; चित्र पुन्हा दिसू लागले तोपर्यंत लोक परतायला निघाले होते. परदेशात राहणाऱ्याचा शोक असा अर्धवट राहून जातो. जिने मला वाढवले तिला ओळखणारे कोणीही आसपास नसते, त्यामुळे तिच्या आठवणी काढून कोणाबरोबर रडावे हेच कळत नाही, आणि चार दिवसांनी कामावर गेल्यावर सगळे पूर्वीसारखेच चाललेले दिसते.

मी ख्रिस्ती घरात वाढले आहे आणि इथल्या चर्चच्या मंडळीतही नियमाने जाते. तरीही त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत मला प्रार्थना करता येईना. इथली उपासना परक्या भाषेत चालते याचे इतक्या वर्षांत कधी काही वाटले नव्हते, पण आईशी ज्या भाषेत बोलले ती सोडून दुसऱ्या भाषेत देवाकडे तिच्याविषयी काही मागणे मला जमले नाही. ‘ती आता अधिक चांगल्या ठिकाणी आहे,’ असे पुष्कळांनी सांगितले. त्यांचा हेतू निर्मळ होता, आणि त्या म्हणण्यावर माझाही विश्वास आहे. मात्र ते ऐकताना, आता डोळे पूस, असेच जणू मला बजावले जात आहे असे वाटे.

एका रात्री झोप येईना म्हणून मराठी पवित्र शास्त्र उघडले आणि स्तोत्रसंहितेतील 88वे स्तोत्र समोर आले. ते मी पूर्वी वाचले असणार, पण लक्षात राहिले नव्हते. दुःखाची इतर बहुतेक स्तोत्रे तक्रारीने सुरू होऊन शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे मात्र वळत नाही. जिवलगांना देवाने दूर केले आहे असे म्हणत ते अंधाराशी येऊन थांबते, आणि मूळ हिब्रू भाषेत त्याचा अखेरचा शब्दच अंधार असा आहे. शेकडो वर्षे भक्तांनी हे स्तोत्र जपले, उपासनेत म्हटले आणि त्याला वेगळा, सुखद शेवट जोडण्याची गरज कोणाला वाटली नाही, याचा मला त्या रात्री केवढा आधार वाटला हे सांगणे कठीण आहे. एकूण 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. 13व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. म्हणजे मला जे अश्रद्धेचे लक्षण वाटत होते, ते तर प्रार्थनेचेच एक रूप निघाले. कित्येक आठवडे मी देवाला दुसरे काही म्हटलेच नाही.

पण सर्वांत खोल रुतलेली गोष्ट निराळी होती. मी तिथे असते तर? हा प्रश्न दूरदेशी राहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला छळत असेल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात मार्था आणि मरीया या बहिणी नेमके हेच बोलतात, फक्त ते स्वतःविषयी नव्हे, तर येशूला उद्देशून बोलतात: आपण येथे असता तर आमचा भाऊ मेला नसता. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला, आणि तो आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. त्या दोघींचा आरोप त्याने खोडून काढला नाही, त्यांना रागावलाही नाही. आपण लाजराला मेलेल्यांतून उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो त्या कबरेकडे जाताना रडला. पुनरुत्थानाची खात्री ज्याच्याजवळ होती त्यालाच जर अश्रू आवरले नाहीत, तर माझ्या रडण्याने माझी आशा खोटी ठरत नाही, एवढे मला त्या अध्यायाने शिकवले. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो तेही याच अर्थाने: शोक करूच नका असे तो म्हणत नाही, तर ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका असे म्हणतो. मी तिथे नव्हते ही सल मात्र अजून आहे.

याच काळात मला पंडिता रमाबाई वारंवार आठवत. आईवडील, बहीण, भाऊ आणि विवाहाला दोन वर्षेही झाली नसताना पती, इतक्यांना गमावून त्या 1883 साली लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, आणि सोबत आलेल्या मैत्रिणीचाही तिथेच मृत्यू झाला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1921 साली मनोरमाही गेली, तरी पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी चालूच ठेवले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्या शेवटच्या महिन्यांत विलापाची स्तोत्रे त्यांच्या हाताशी आली असतील, तर त्यांच्या मनात काय आले असेल, असा विचार माझ्या मनात येत राहतो.

इथल्या मंडळीत एक वृद्ध विधवा आहेत. आई गेल्यानंतरच्या प्रत्येक रविवारी त्या माझ्या शेजारी येऊन बसत आणि काहीही विचारत नसत. पवित्र शास्त्रातल्या, मुले व सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र पुढे फार बोलले, पण आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले होते. त्यांचे तेवढे वागणे अगदी योग्य होते असे मला वाटते. एका रविवारी उपासना संपल्यावर त्या बाईंनी मला माझ्या भाषेत एखादे स्तोत्र वाचून दाखवायला सांगितले. मी 13वे वाचले. त्यांना एक शब्दही कळला नसणार, पण चौथ्या ‘कोठवर’पाशी माझा आवाज फुटला तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि उरलेल्या ओव्या होईपर्यंत सोडला नाही.