नोव्हेंबर १९८२ चं पत्रक: लिमरिकमधले चार दिवस

मला एकच कागद हवा होता. नोव्हेंबर १९८२ च्या आयरिश निवडणुकीतलं, लिमरिक ईस्ट मतदारसंघातलं, डेमोक्रॅटिक सोशालिस्ट पार्टीचं प्रचारपत्रक. हा पक्ष १९८२ मध्ये निघाला आणि १९९० मध्ये लेबर पार्टीत विलीन झाला. संसदेत त्याचा एकच माणूस पोचला, तो म्हणजे जिम केमी.

केमी दगडकाम करणारे गवंडी. जून १९८१ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले. त्या वेळचे पंतप्रधान गॅरेट फिट्झगेराल्ड यांच्या सरकारने अर्थसंकल्पात लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर व्हॅट लावायचं ठरवलं. २७ जानेवारी १९८२ ला केमींनी विरोधात मत दिलं आणि ८२ विरुद्ध ८१ अशा फरकाने सरकार पडलं.

त्याच्या नऊ दिवस आधी, १८ जानेवारीला, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संपाची हँडबिलं, सभेची पत्रकं, सगळं एका ट्रंकेत होतं आणि पुढे घर बदलताना ते रद्दीत गेलं. आज माझ्याकडे त्यातला एक कागद नाही. मी दुसऱ्यांच्या निवडणुकांचे कागद का जमवतो, याचं उत्तर बहुतेक त्या ट्रंकेत आहे.

आधी जाण्याचं सांगतो. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात, नाही. शेंगेन व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही, आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून लिमरिक दोन-सव्वादोन तासांवर आहे, पण बऱ्याच गाड्या लिमरिक जंक्शनला बदलाव्या लागतात. नावावर जाऊन तिथे स्टेशनाबाहेर पडू नका. ते जंक्शन लिमरिकमध्ये नाही, शेजारच्या टिपरेरी काउंटीत आहे. मुक्काम लिमरिकच्या कोलबर्ट स्टेशनच्या आसपास केला तर पुढचं बरंचसं पायी होतं.

निघण्यापूर्वी घरी बसून करायचा अभ्यास मात्र प्रवासाइतकाच महत्त्वाचा. 'आयरिश लेफ्ट अर्काइव्ह' या ऑनलाइन संग्रहात आयर्लंडमधल्या डाव्या पक्षांचे कागद स्कॅन करून ठेवलेत. ते आधी डोळ्यांखालून घाला, म्हणजे कागद हातात आल्यावर ओळख पटते. डब्लिनला किल्डेअर स्ट्रीटवर नॅशनल लायब्ररी आहे. तिथेही असे सुटे कागद जपले जातात आणि वाचक-पत्र फुकट मिळतं, फोटो असलेलं ओळखपत्र बरोबर ठेवा.

डब्लिनमध्येच मी फसलो. एका विक्रेत्याने पंधरा युरोंना जे 'मूळ' पत्रक दिलं, ती झेरॉक्स निघाली. खोलीवर आल्यावर दिव्याखाली तिरकं धरलं तेव्हा काळ्या भागावर टोनरची चकाकी दिसली, आणि मागची बाजू कोरी. छोट्या पक्षांना कागदाची अर्धी बाजू रिकामी सोडणं परवडत नसे, ही शंका मला दुकानातच यायला हवी होती. तेव्हापासून एक छोटं भिंग खिशात असतं. छपाईत फोटोचे ठिपके स्वच्छ, एका ओळीत दिसतात. सायक्लोस्टाइल असेल तर शाई कागदात मुरलेली असते. ती खूण आपल्याकडची जुनी पत्रकं हाताळलेल्याला सांगावी लागत नाही.

आता खरं कौशल्याचं काम: तारीख लावणं. पत्रकांवर साल सहसा नसतं, पण मतदानाचा वार असतो. केमी जून १९८१ आणि फेब्रुवारी १९८२ या दोन्ही वेळा अपक्ष होते. पक्ष त्यानंतर निघाला. म्हणजे पक्षाचं नाव असलेलं सार्वत्रिक निवडणुकीचं पत्रक नोव्हेंबर १९८२, १९८७ किंवा १९८९ चंच असणार. नोव्हेंबर १९८२ चं मतदान २४ तारखेला, बुधवारी झालं. १९८७ चं १७ फेब्रुवारीला, मंगळवारी. १९८९ चं १५ जूनला, गुरुवारी. वार वाचला की काम झालं. शिवाय १९८३ आणि १९८६ चे सार्वमताचे कागद आणि १९८५ च्या नगरपालिका निवडणुकीचे कागद वेगळे काढा. त्या १९८५ च्या निवडणुकीत जॅन ओ'सलिव्हन केमींच्या पक्षातर्फे निवडून आल्या, त्या पुढे लेबर पार्टीकडून शिक्षणमंत्री झाल्या. त्यांचं त्या वर्षीचं पत्रक मिळालं तर सोडू नका.

आणखी दोन खुणा. प्रत्येक उमेदवाराला मतदारांना एक पत्र टपालखर्चाशिवाय पाठवता येतं. त्यावर आयरिश भाषेत 'लितिर उम हॉखान', म्हणजे निवडणुकीचं पत्र, असं छापलेलं असतं. तो टपालाने आलेला कागद, बाकीचे दारोदार वाटलेले. दुसरी खूण तळाशी, बारीक अक्षरात: छापखान्याचं नाव. ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे. फोटो काढताना तळाची ती ओळ कापू नका. एकच छापखाना कोणकोणत्या पक्षांचं काम करत होता हे त्या ओळींवरूनच कळतं.

पहिल्या दिवशी मी हेन्री स्ट्रीटवरच्या जुन्या फ्रान्सिस्कन मठातल्या लिमरिक म्युझियममध्ये गेलो. हे म्युझियम काही वर्षं केमींच्या नावानेच ओळखलं जात होतं. तिथल्या एप्रिल १९१९ च्या लिमरिक सोव्हिएटच्या नोटांपाशी थांबाच. ब्रिटिश लष्कराने शहरात ये-जा करायला परवाने लावले, म्हणून कामगारांनी सगळं शहर बंद केलं आणि दोन आठवडे स्वतः चालवलं. त्यासाठी एक, पाच आणि दहा शिलिंगांच्या नोटा स्वतः छापल्या. हा कागद दुकानदाराने सामानाच्या बदल्यात घेतला, म्हणजे त्याने संपावर विश्वास ठेवला. परळमध्ये संपाच्या काळात उधारीवर धान्य देणारे वाणी मला तिथे आठवले.

दुसरा दिवस विद्यापीठाचा. शहरातून ३०४ नंबरची बस थेट युनिव्हर्सिटी ऑफ लिमरिकला जाते. तिथल्या ग्लक्समन लायब्ररीत केमींचे कागद जपून ठेवलेत. दोन आठवडे आधी ईमेल करून वेळ घ्या आणि संग्रहाची सूची वाचून नेमकं काय पाहायचं ते कळवा. आत फक्त पेन्सिल चालते. केमी 'लिमरिक सोशालिस्ट' नावाचं मासिक काढत. ते पक्षाच्या आधीचं, पण पत्रकांची भाषा कुठून आली हे त्यात दिसतं, म्हणून तेही वाचा.

तरीही हवं ते पत्रक मला दुकानात मिळालं नाही. जुन्या कागदांचे विक्रेते ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचे कागद ठेवतात, त्याला गिऱ्हाईक आहे. १९८२ चं पत्रक कुणी ठेवत नाही. ती घरांत सापडतात, आणि घरापर्यंत पोचायला बोलावं लागतं. मी शनिवारी मिल्क मार्केटमध्ये चहा पीत शेजारच्या आजोबांना केमींबद्दल विचारलं. त्यांनी आणखी एकाला बोलावलं, त्याने फोन लावला, आणि रविवारी दुपारी मी एका निवृत्त बाईंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. जाताना केक नेला. रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि पहिल्या अर्ध्या तासात कागदाचा विषय काढू नका.

त्यांनी १९८२ मध्ये दारोदार प्रचार केला होता. गर्भाला राज्यघटनेत जगण्याचा हक्क द्यायची दुरुस्ती तेव्हा येऊ घातली होती. केमींनी तिला उघड विरोध केला होता आणि लिमरिक हे कट्टर कॅथलिक शहर. "दारं आमच्या तोंडावर लावली जायची," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरचा पाऊस आणि बंद दारं." केमी ती निवडणूक हरले. १९८७ मध्ये पुन्हा जिंकले, पण बाईंच्या बोलण्यात १९८२ च येत राहिलं.

मग बिस्किटांचा डबा आला. तळाशी ते पत्रक होतं, चार घड्या घातलेलं, पक्षाचं नाव आणि बुधवारची तारीख असलेलं. मी उलटलं तर मागे समासात पेन्सिलीने घरांचे नंबर लिहिलेले होते. काहींपुढे बरोबरची खूण, बऱ्याच ठिकाणी फुली, तीन ठिकाणी प्रश्नचिन्ह. आयर्लंडमध्ये मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात, त्यामुळे फुलीवाल्या घरातूनही दुसरी किंवा तिसरी पसंती मिळू शकते. अशा दोन घरांपुढे त्यांनी बारीक '२' लिहिला होता.

विकत मागायचं मी मनातही आणलं नाही, तुम्हीही आणू नका. परवानगी घेऊन खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे फोटो काढले. कागद पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून, मागे जाड पुठ्ठा ठेवून त्यांना परत दिला. लॅमिनेशन किंवा सेलोटेप कधीही नको. विद्यापीठाच्या लायब्ररीचा पत्ताही लिहून दिला. निघताना त्यांनी १९८७ चं एक प्रचारकार्ड मला दिलं, ते माझ्या हातसामानात मुंबईला आलं.

पण त्याआधी मी प्रश्नचिन्हांबद्दल विचारलं. त्यांनी चष्मा लावला आणि तिन्ही नंबर वाचले. पहिल्या दोन घरांबद्दल त्यांना काही आठवेना. तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे एक आई होती, चार लहान मुलांची. दार उघडून फक्त म्हणाली, बुटांचं मला आठवतंय. आणि दार लावून घेतलं."