जांबोटीची बरणी: वाळू कसली, चिकणच ती!

बरणीची चाचणी म्हणजे माती पाण्यात हलवून थर बघायचे: आधी वाळू बसते, मग पोयटा (त्याहून बारीक कण), आणि सर्वांत बारीक चिकण कण शेवटी. अथणीच्या मातीचं कोडं सुटलं, आधी ते सांगतो. ती काळी माती ढवळली की गठ्ठे होऊन भराभर तळाला बसायची आणि वरचं पाणी नितळ व्हायचं. हे मातीतल्या चुनखडीच्या कॅल्शियममुळे होत असावं, असा संशय मागच्या नोंदीत लिहिला होताच. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तर माती फसफसून आली. मग पाण्यात सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घातलं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे चिकण कण सुटे होऊन तरंगत राहतात. आता तळाला वाळूची पातळ रेघ, त्यावर पोयटा आणि वर दुसऱ्या दिवशीही गढूळ पाणी. काय देखणी दिसते बरणी!

(ही पावडर प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातूनच घ्या. कपडे धुण्याच्या पावडरीवर काम भागतं म्हणतात, पण फेसामुळे थरांची रेघच दिसत नाही.)

आता खरं दुखणं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या माळावरची तांबडी माती. तेच रसायन, तेच माप, रात्रभर भिजवलेली. तरी पहिल्या मिनिटातच निम्म्याहून जास्त माती खाली. मिनिटभरात बसते ती वाळू, हा आपला हिशेब. म्हणजे ही जमीन रेताड ठरली. मनाला पटेना. पुन्हा भरली, जास्त वेळ हलवली, निकाल तोच.

शेवटी बरणी बाजूला ठेवली आणि चिमूटभर ओली माती अंगठ्याखाली घेतली. सुरुवातीला रवाळ, खरखरीत. चोळत राहिलो तसे दाणे एकेक करून फुटायला लागले. थोड्या वेळानं खरखर संपली, अंगठ्याच्या रेषांत लाल लेप भरला आणि गोळ्याची चांगली लांब पट्टी ओढता आली. वाळूचा दाणा असा बोटाखाली फुटत नाही. चिकणमातीच ती, वाळूच्या आकाराची झालेली!

कारण लोहात आहे. जांभ्याच्या पट्ट्यात घाटाचा पाऊस सिलिका आणि कॅल्शियम धुऊन नेतो. मागे उरतं केओलिनाइट (न फुगणारं चिकण खनिज) आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. ही ऑक्साइडं चिकण कणांची मोट बांधून बारीक, टणक रवे करतात. मृदाशास्त्रात त्याला स्यूडोसँड, म्हणजे खोटी वाळू, म्हणतात. हेक्सामेटाफॉस्फेट कॅल्शियमला पुरून उरतं, लोहाच्या गाठीपुढे तेही थकतं. प्रयोगशाळेत डायथायोनाइट आणि सायट्रेट वापरून लोह विरघळवतात. घरात तो उद्योग मी करणार नाही, तुम्हीही करू नका.

शेतात हे रवे वाळूसारखेच वागतात. पाणी झरझर खाली जातं, म्हणून उतारावर काजू सुखात असतो आणि नाचणीची मुळं कुजत नाहीत. स्फुरद (फॉस्फरस) मात्र हीच ऑक्साइडं धरून ठेवतात. सुपर फॉस्फेट शेतभर फेकण्यापेक्षा मुळांजवळ द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

पण मग याच खानापूर तालुक्यात भाताच्या खाचरात पाणी उभं कसं राहतं? हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: चिखलणी! रोपलागणीआधी चिखल करताना हे रवे रगडून फुटत असणार, मी अंगठ्यानं फोडले तसेच. शिवाय पाण्याखाली हवा संपली की लोहाचं रूप बदलतं, ते विरघळतं आणि बांधणी सैल पडते. खाचरातली माती राखाडी आणि मुळांच्या वाटेवर गंजासारख्या तांबूस बारीक रेघा असतात, त्या याच लोहाच्या.

तर निपाणीची तंबाखूची काळी जमीन आणायचा बेत पुढे ढकलतोय. आधी जोडीचे नमुने: एक माळावरचा, एक त्याच उताराखालच्या खाचरातला. खाचरातला नमुना बरणीत जास्त वेळ गढूळ राहिला, तर माझा अंदाज खरा. तुलनेला बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बासमतीच्या काळ्या रानातली मातीही हवी. तिथली चिकण मुळातच फुगणारी, ओली झाली की स्वतःच भेगा मिटवते.

येळ्ळूर-वडगावकडचं कुणी असेल तर मूठभर द्या. जांबोटीकडच्या खाचरातला नमुना देणार असाल तर तो मात्र वाळवू नका, ओलाच पिशवीत गच्च बांधा. तिथली खाचरातली माती एकदा कडक वाळली की लोह पुन्हा गाठी धरतं आणि बरणीत परत तीच खोटी वाळू दिसेल.