रामटेकच्या पायऱ्या आणि फाल्त्सचे द्राक्षमळे

आम्हा नागपूरकरांना चालायची सवय असते, चढायची नसते. फुटाळ्याची चक्कर, अंबाझरीची चक्कर, फार झालं तर सेमिनरी हिल्स. त्यामुळे लेकीने जर्मनीहून फोनवर "आई, सप्टेंबरात येशील तर द्राक्षमळ्यांतली वाट चालू आपण" असं म्हटलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सपाट बागा आणि मधून जाणारी सावलीची पाऊलवाट आली. प्रत्यक्षात ती वाट डोंगराची आहे. माझ्या वयाच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या कितीतरी मैत्रिणी विचारतात की जमलं कसं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लेक असते लुडविग्सहाफेनला. तिथून लोकलने अर्ध्या तासात नॉयश्टाट हे गाव येतं आणि तिथेच जर्मनीचा फाल्त्स हा द्राक्षपट्टा पसरला आहे. पूर्वेला ऱ्हाईन नदीचं सपाट खोरं, पश्चिमेला फाल्त्सच्या जंगलाच्या टेकड्या, आणि दोन्हींच्या मधल्या उतारावर द्राक्षं. गावांना जोडणारा 85 किलोमीटरचा मोटाररस्ता 1935 पासून ‘वाइन रस्ता’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या बाजूबाजूने, पण बराचसा वरच्या जंगलातून, पायी चालणाऱ्यांसाठी ‘वाइनश्टाइग’ नावाची वाट आहे. उत्तरेला बोकेनहाइम, दक्षिणेला फ्रान्सच्या सीमेवरचं श्वाइगेन, मध्ये दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर. आम्ही नॉयश्टाटपासून खालचा दक्षिणेकडचा भाग घ्यायचं ठरवलं.

लेकीने वाटेचा चढउताराचा आलेख पाठवला आणि मी तो आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना दाखवला. या पट्ट्यातला सर्वांत उंच डोंगर काल्मिट, 673 मीटर. मी म्हटलं, आपलं नागपूरच 310 मीटरवर आहे, मग यात काय एवढं? बाईंनी आलेखावर बोट ठेवलं. नॉयश्टाट दीडशे मीटरच्याही खाली आहे, म्हणजे एका दमात पाचशे मीटरचा चढ. खरी गोष्ट त्यापुढची होती. द्राक्षांची गावं सगळी पायथ्याशी, आणि मुक्काम गावात. म्हणजे रोज सकाळी वर, रोज संध्याकाळी खाली. "ताई, चढताना दम लागेल, तो बसून भरून काढता येतो. गुडघे जातात ते उतरताना," त्या म्हणाल्या. माझी सगळी तयारी या एका वाक्यावर झाली.

उतरायचा सराव नागपुरात कुठे करायचा? मला रामटेक सापडलं. अंबाळा तलावाच्या बाजूने गडावर पायऱ्या आहेत. पहाटे निघायचं, रामाचं दर्शन घ्यायचं, आणि मग मुद्दाम सावकाश, काठ्या टेकवत, पाऊल आडवं ठेवत उतरायचं. पाठीवरच्या पिशवीत आधी पाण्याच्या बाटल्या, नंतर तांदळाची थैली. तिथली माकडं पिशवीवर टपलेली असतात, म्हणून खाण्याचं काही ठेवायचं नाही. उन्हाळ्यात हे सगळं सूर्य वर यायच्या आत उरकावं लागायचं आणि जूनमध्ये पायऱ्या निसरड्या झाल्यावर घरच्या जिन्यावर भागवावं लागायचं. हे म्हणायचे, "काय करून राहिली तू? पोरीकडे चालली का युद्धावर?" पण गाडी तेच चालवायचे आणि खाली चहाच्या टपरीवर माझी वाट बघत बसायचे.

बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे घेतले. उतारावर पाय पुढे सरकतो आणि बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात, ते टळलं. व्हिसासाठी मुंबईची एक खेप झाली. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाला, निदान 30,000 युरोचं संरक्षण असलेला प्रवासी विमा लागतो. आपल्या वयात तो घेताना जुन्या दुखण्यांबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या.

मुक्कामांची आखणी लेकीची, पण एक गोष्ट आम्ही दोघींनी मिळून ठरवली. जंगलात वर जागोजागी झोपड्या आहेत, तिथे गरम जेवण मिळतं. त्यातल्या बऱ्याच झोपड्या 1902 साली स्थापन झालेली ‘फेल्त्सरवाल्ड-फेराइन’ ही भटक्यांची संस्था चालवते. स्वयंपाकघरात आणि जेवण देण्याच्या खिडकीवर संस्थेचेच लोक, आळीपाळीने, बिनपगारी. म्हणूनच कितीतरी झोपड्या शनिवार-रविवारीच उघड्या असतात, काही मधल्या एखाद्या दिवशी. काल्मिट आम्ही शनिवारी ठेवला तो त्यासाठी.

नॉयश्टाटहून निघालं की सुरुवातीला हाम्बाखचा किल्ला लागतो. 1832 च्या मे महिन्यात वीस-तीस हजार माणसं हाच चढ चढून गेली होती, काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन, एकसंध आणि स्वतंत्र जर्मनी मागायला. आज त्यांच्या देशाचे जे रंग आहेत तेच. मी त्या चढावर तीनदा बसले, आणि प्रत्येक वेळी त्या बायाबापड्यांचा विचार आला. त्यांच्याकडे कुठले आले चांगले बूट!

किल्ल्याच्या आसपास आणि पुढेही द्राक्षं जिथे संपतात तिथे लगेच जंगलातली पाइन किंवा बीचची झाडं लागत नाहीत, आधी चेस्टनटच्या झाडांचा पट्टा लागतो. पायाखाली काटेरी फळंच फळं. हिरव्या कवचाला बुटाने दाबलं की ते फुटतं आणि आत दोन-तीन चकचकीत तपकिरी बिया, एका बाजूने चपट्या. ही झाडं तिथे उगाच नाहीत. चेस्टनटचं लाकूड जमिनीत लवकर कुजत नाही, म्हणून द्राक्षांच्या वेलींना लागणारे खांब पिढ्यान्‌पिढ्या याच झाडांचे करत. मळ्याच्या वरच मळ्याचं लाकूड. आता खांब बहुतेक लोखंडी आहेत, पण एका जुन्या मळ्यात मला अजून लाकडी खांब दिसले, करडे, तडकलेले, पण घट्ट रोवलेले. मी हात लावून पाहिले.

द्राक्षांची तोडणी चालू होती. सपाट मळ्यांत ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं ठेवून वरून चालणारं उंच यंत्र, आणि चढाच्या मळ्यांत माणसं, कात्री आणि बादली. मधूनमधून गॅसच्या तोफेचा धडाका व्हायचा, पाखरं उडवायला. माझं माहेर काटोलचं, संत्र्याच्या बागेतलं. आंबिया बहाराची फळं पिवळी व्हायला लागली की बाबा कुंपणाच्या आत परक्याला येऊ देत नसत. इथे वाट चक्क खाजगी मळ्यांतून जाते, कुठे कुंपण नाही, हाताच्या अंतरावर घड लोंबतायत, आणि कुणी तोडत नाही. एका तोडणीवाल्या आजोबांनी मी बघतेय हे पाहून रीसलिंग जातीच्या द्राक्षांचा एक घड स्वतः कापून दिला. मणी आपल्या नाशिकच्या द्राक्षांच्या अर्ध्याएवढे, सालीला जाड, आत बिया, आणि गोडीच्या मागून जिभेला झिणझिण्या आणणारा आंबटपणा. मी दोन्ही हात जोडले, त्यांनी टोपी काढली.

वाट चुकायची भीती मला फार होती. ती पहिल्या दुपारीच गेली. प्रत्येक फाट्यावर झाडाच्या बुंध्यावर किंवा खांबावर वाटेची खूण असते आणि फाटा ओलांडल्यावर थोड्या अंतराने पुन्हा तीच खूण दिसते. ती दिसली नाही तर परत फाट्यापर्यंत यायचं, एवढाच नियम. शिवाय जंगलात ठिकठिकाणी हिरव्या पाट्या आहेत, पांढरा क्रॉस आणि खाली क्रमांक. काही झालं तर 112 वर फोन करून तो क्रमांक सांगायचा, मदत नेमकी तिथे येते. पाटी दिसली की मी तिचा फोटो काढून ठेवायची.

काल्मिटच्या माथ्यावर जंगल एकदम बाजूला होतं आणि खाली पूर्ण खोरं उघडतं. झोपडीत लांब बाकं, अनोळखी माणसं एकमेकांना सरकून जागा देतात. मी शाकाहारी, मांसाच्या राज्यात माझं काय होणार अशी काळजी होती. पण तिथे उकडलेले बटाटे आणि कांदा घातलेलं घट्ट दह्यासारखं पांढरं चीज मिळालं, बटाट्याचं सूप मिळालं, आणि सूपासोबत चक्क आलुबुखाराचा केक. तिथली पद्धतच ती. वाइन सोड्यात घालून अर्ध्या लिटरच्या, गोल गोल खळगे असलेल्या ग्लासात देतात आणि टेबलावरच्या सगळ्यांत तो ग्लास फिरतो. मी वाइन घेत नाही, मला द्राक्षाच्या रसात सोडा. लेक म्हणाली, "आई, उतार अजून बाकी आहे गं," आणि तिने स्वतःही दुसरा ग्लास घेतला नाही.

तो उतार, काल्मिटवरून सांक्ट मार्टिन गावाकडे, या सगळ्यातला माझ्यासाठी सर्वांत कठीण तुकडा. मोठमोठे दगड, मुळं, त्यावर बीचची पानं. रामटेक इथे कामी आलं. काठ्या लांब केल्या, पाऊल आडवं, एकेक टप्पा. खाली चर्चचा मनोरा दिसला तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या, पण गुडघे शाबूत होते. रात्री बर्फाचा शेक आणि त्याआधी टॉर्च घेऊन पायांची तपासणी. जंगलात गोचीड असते आणि ती लाइम नावाचा आजार देते, त्यामुळे गुडघ्यामागची, मांडीची जागा रोज बघायची, आळस करायचा नाही.

पुढचे टप्पे त्यामानाने सुखाचे. रीटबुर्ग या टेकडीवरच्या पडक्या किल्ल्यावरून रोपवेच्या पाळण्याने उतरलो. गुडघ्यांसाठी ते योग्यच होतं, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. माडेनबुर्गच्या पडक्या भिंती टेकडीच्याच लाल दगडाच्या, इतक्या की डोंगर कुठे संपतो आणि किल्ला कुठे सुरू होतो ते कळत नाही. खालच्या गावांत अंगणात अंजिरं पिकलेली पाहिली. डोंगर पश्चिमेचा पाऊस अडवतो, त्यामुळे इथली हवा उबदार. रस्त्याकडेला नुकती आंबू लागलेली नवी वाइन विकायला होती. ती आतून फसफसत असते, म्हणून बाटलीचं झाकण सैल ठेवतात आणि बाटली आडवी करायची नाही. लेकीने ती हातात उभी धरून मुक्कामापर्यंत नेली.

श्वाइगेनला 1936 साली बांधलेली दगडी वेस आहे, वाइन रस्त्याचं दक्षिण टोक. इथल्या द्राक्षवाल्यांचे कित्येक मळे सीमेपलीकडे, फ्रान्सच्या हद्दीत आहेत. तोडणीचा ट्रॅक्टर तिकडून भरून इकडे येताना दिसला, कुणी त्याला थांबवलं नाही. आम्हीही त्याच्या उलट दिशेने मळ्यांतून चालत विसेंबुर्गला गेलो, तिथल्या स्टेशनावरून नॉयश्टाटची गाडी मिळते.